नाव न सांगायचं पान

आमच्या हायस्कुलात पोलिसांची अचानक झडती होणार आहे, हे आम्हाला आठवडाभर आधी कळलं होतं. हेडमास्तरांना फोन आला होता, गुरुवारी येतोय, कुणाला सांगू नका. हेडमास्तरांनी ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं आणि वर कुणाला सांगू नका असंही सांगितलं. संध्याकाळी मी स्कूटर काढत होते तेव्हा फाटकासमोरच्या गाड्यावाल्याने मला विचारलं, गुरुवारी भजी जास्त काढू का.

झडती अमली पदार्थांची होती. आमची शाळा गोव्यात, पेडणे तालुक्यात, चोपड्यापासून फार लांब नाही, आणि किनाऱ्यावर काय काय चालतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे पोलीस शाळेत येणार म्हटल्यावर मला काही वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, येऊ देत, दोन-चार टगे जरा घाबरतील. मी विज्ञान शिकवते. दहावीचे टगे मला अजिबात घाबरत नाहीत.

आता आमच्या शाळेची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे पाहुणा कार्यक्रमाशिवाय आत येऊच शकत नाही. समई पेटवायची, स्वागतगीत म्हणायचं, गुच्छ द्यायचा, परिचय करून द्यायचा, शेवटी आभार मानायचे. आग विझवण्याची नळकांडी तपासायला अग्निशमन दलाची माणसं आली होती, त्यांनाही हेडमास्तरांनी आधी समई पेटवायला लावली होती. तेव्हा पोलिसांची अचानक झडती म्हटल्यावर बुधवारी दुपारी हॉलमध्ये पताका लागल्या आणि दहावीच्या मुली पेटीवर स्वागतगीताची तालीम करू लागल्या.

त्या मुलींत पुढे उभी राहणारी एक होती. तिच्याबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आलं. तिचं कुटुंब सिंधुदुर्गातलं. वडील पूर्वी डिचोलीत खाणीवरचा ट्रक चालवायचे, खाणी बंद पडल्यावर हरमलला पाण्याचा टँकर चालवायला लागले. आई सीझनमध्ये पर्यटकांच्या खोल्या झाडते. मुलगी गळ्याने गोड, गणितात पक्की आणि बोलायला अगदी मोजकी. वडिलांची एकच अट होती, की शाळेतून पोरीबद्दल एक वावगा शब्द कानावर आला तर शिक्षण बंद आणि तिची रवानगी गावाला मामाकडे. हे तिनेच मला सांगितलं होतं, जेवणाचा डबा संपला हे सांगावं तितक्या साधेपणाने.

त्या दिवसांत तिच्या वडिलांना कावीळ झाली होती. मी म्हटलं, आधी आरोग्य केंद्रात ने. ते गेलेही, गोळ्या चालू झाल्या. पण आमच्या भागात काविळीला नुसत्या गोळ्या घेऊन कुणाचं समाधान होत नाही, जोडीला गावठी औषध लागतंच. आणि ते औषध देणारी लाटंबार्सेची बाई म्हणजे माझी सासू.

सासूबाईंच्या औषधाचे दोन नियम आहेत. पुडी घरी पोचेपर्यंत जमिनीला टेकवायची नाही. आणि पाला कसला ते कुणी सांगायचं नाही. औषध देणाऱ्याने नाही, नेणाऱ्याने नाही, ओळखलं असेल तर ओळखणाऱ्यानेही नाही. नाव उच्चारलं की गुण गेला. लग्न होऊन आले तेव्हा मी यावर वाद घातला, की वनस्पतीला काय कळतंय तिचं नाव घेतलं की नाही. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तेव्हापासून पाला कुटायला बसल्या की मला विहिरीवर पाणी आणायला पाठवतात. घरात नळ आहे. इतकी वर्षं मुलांना पानाचे भाग शिकवतेय, पण घरच्या या एका पानाचं नाव मला माहीत नाही.

गुरुवारी सकाळी सासूबाईंनी सागाच्या पानात बांधलेली पुडी माझ्या हातात दिली. केळीच्या सोपाच्या दोरीने छान आवळली होती. मी ती पर्समध्ये घालून आणली आणि प्रार्थनेच्या आधी त्या मुलीला दिली. तिने दोन्ही हातांनी घेतली, दप्तरात घातली आणि दप्तर खिडकीच्या गजाला टांगलं, म्हणजे जमिनीचा प्रश्नच नको.

पोलीस वेळेवर आले. एक तरुण इन्स्पेक्टर, मडगावकडचे, बोलायला सभ्य. एक आमच्याच तालुक्यातला म्हातारा हवालदार. आणि एक कुत्रा, त्याचा पट्टा धरणाऱ्या पट्टेवाल्यासकट. फाटकातून आत शिरताच मुलींनी स्वागतगीत सुरू केलं. इन्स्पेक्टरसाहेब बिचारे मागे वळून बघायला लागले, की आपल्या मागून कोण मंत्री येतोय. हेडमास्तरांनी त्यांना समईपाशी नेलं. कुत्र्याला गुच्छ द्यायचा की नाही यावर जरा कुजबुज झाली, शेवटी तो पट्टेवाल्याला दिला आणि कुत्र्याने त्यातला पाला खाल्ला. परिचयात हेडमास्तरांनी कुत्र्याचं शिक्षण आणि अनुभव सांगितला. पेटीचा सूर लागला की कुत्रा तोंड वर करून रडत होता, त्यामुळे स्वागतगीताची दोन कडवी कमी करावी लागली.

मग इन्स्पेक्टरांनी छान भाषण केलं, की ही झडती नाही, ही जागृती आहे, पोलीस तुमचे मित्र आहेत. टाळ्या झाल्या. टाळ्या संपल्यावर मुलांना वर्गांतून आपापली दप्तरं आणायला लावली, हॉलची दारं लावून घेतली आणि सांगितलं, जमिनीवर पालथी करा.

इथपर्यंत मी हसत होते. आता माझ्या डोक्यात तिडीक गेली. मुलं ओळीने उभी आणि प्रत्येकाच्या पायाशी त्याचा सगळा संसार सांडलेला. कैऱ्या, मिठाच्या पुड्या, तुटके कंगवे, कुणाचं चिठ्ठीवजा प्रेम, कुणाचा नापास झालेला पेपर घरी न दाखवता चार घड्या करून ठेवलेला. मुलींच्या दप्तरांतून जे पडायचं तेही पडलं, मुलांसमोर, आणि बाई पोलीस एकही नव्हती. मुलींनी माना अशा खाली घातल्या की मला ओरडावंसं वाटलं. मी हेडमास्तरांना गाठून म्हटलं, सर, मुलींचं वेगळं करा, हे बरं दिसत नाही. ते माझ्याच कानाशी लागून म्हणाले, टीचर, पाहुणे आहेत.

कुत्रा तोवर दोनदा फिरला होता. त्याला अमली असं काही मिळालं नाही. एका मुलाच्या डब्यातल्या सुक्या सुंगटांच्या किसमुरीपाशी मात्र तो बसला आणि उठायलाच तयार होईना. सुकी कोळंबी आणि खोबरं बघून इन्स्पेक्टरांनाही भूक लागली असावी. ते घड्याळ बघून आवरतं घ्या म्हणाले. तेवढ्यात हवालदारांनी सांगितलं की एक मुलगी दप्तर खाली ठेवत नाही.

ती दप्तर छातीशी धरून उभी होती. ठेव म्हटलं तर मान हलवून नाही म्हणत होती. इतक्या पोरांत एकच पोर दप्तर सोडत नाही, म्हटल्यावर पोलीस काय करणार. हवालदारांनी हात घातला आणि सागाच्या पानाची पुडी वर आली. इन्स्पेक्टरांनी सोप सोडला. आत सुकलेला, चुरलेला, हिरवट पाला. हॉलमध्ये आता कुत्र्याचं चघळणं ऐकू येत होतं.

इन्स्पेक्टरांनी तिला विचारलं, हे काय आहे ते माहीत आहे का. कुणीही सुज्ञ माणूस नाही म्हणाला असता. पण ही पोर खोटं बोलायला शिकलेली नव्हती.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "पण सांगूचा नाय."

तिने वासावरूनच ओळखलं होतं, मामाच्या परड्यात तेच झाड होतं म्हणे. इन्स्पेक्टरांच्या चेहऱ्यावरची सगळी मैत्री उतरली. मी पुढे झाले आणि म्हटलं, ही पुडी मी आणलीय, काविळीचं औषध आहे, माझ्या सासूने दिलंय. ते म्हणाले, ठीक आहे, मग पाला कसला? मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यांनी हेडमास्तरांना विचारलं, या बाई काय शिकवतात. विज्ञान, हेडमास्तर खालच्या आवाजात म्हणाले.

आता खरं तर हा गुंता दोन मिनिटांत सुटला असता. त्या पोरीने एक शब्द उच्चारला की झालं. इन्स्पेक्टर तिला तेच समजावत होते, अगदी बाळा, बाळा करून. नाव सांग आणि बाकावर जाऊन बस. नाही सांगितलंस तर तुला चौकीवर यावं लागेल, वडिलांना बोलवावं लागेल. वडील म्हटल्यावर तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण ती बोलेना. नाव सांगितलं तर वडील बरे होणार नाहीत, आणि नाही सांगितलं तर वडिलांना चौकीवर यावं लागणार. ती एकदा माझ्याकडे बघे, एकदा पुडीकडे.

आणि माझी गंमत बघा. या नियमावर माझा काडीचा विश्वास नाही. तरी मी तिला सांग म्हणू शकले नाही. जीभच उचलेना.

मदतीला धावून आला तो हवालदार. पुडी त्याच्याच हातात होती. इन्स्पेक्टर त्याला मघापासून सांगत होते, ती टेबलावर ठेव, आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करत हात वर धरून उभा होता.

"सायबानूं, तिका विचारू नकात," तो म्हणाला. "नाव घेतला तर बापायक गूण येवचो नाय."

इन्स्पेक्टरांनी विचारलं, तू कुणाच्या बाजूने आहेस. हवालदार म्हणाला, मी सरकारच्या बाजूने आहे, पण माझ्या भावालाही याच औषधाने बरं वाटलं होतं. आणि पुडी धरलेला हात दुखायला लागला म्हणून त्याने ती दुसऱ्या हातात घेतली.

मग ठरलं, सासूबाईंनाच फोन लावायचा. मी फोन लावून आवाज मोठा केला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा कोंबड्यांना हाकललं, आणि त्यांचा एकच प्रश्न आला, दुखणेकऱ्याला बरं वाटलं का. मी म्हटलं, अजून नाही.

"तर मगे नाव सांगूंक येना," त्या म्हणाल्या. "तो बरो जाल्यार साहेबांक घरा येवंक सांग. हांव झाडच दाखयतां."

आणि फोन ठेवून दिला. इन्स्पेक्टरांनी डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला, परत घातली, आणि म्हणाले की मग पुडी सील करून तपासणीला पाठवावी लागेल, पंचनामा करावा लागेल. पंचनाम्यात मुलीचं नाव येईल. अहवाल यायला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. हवालदाराने विचारलं, पंचनाम्यात पाल्याचं नाव काय लिहायचं. इन्स्पेक्टर म्हणाले, अज्ञात. हवालदार म्हणाला, अज्ञात कसं, पोरीला तर ज्ञात आहे.

ती मुलगी रडायला लागली. आवाज न करता, तशीच उभी राहून. माझा संताप आवरेना. मी हवालदाराच्या हातातल्या पुडीतून एक मोठी चिमूट घेतली आणि तोंडात टाकली. चावली आणि गिळली.

इतका कडू पदार्थ मी जन्मात खाल्ला नव्हता. डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, घ्या, मी खाल्लं, आता बघा मला काय होतंय ते. इन्स्पेक्टर म्हणाले, टीचर, तुम्ही पुरावा खाल्लात. पण कल्पना त्यांनाही पटलेली दिसली. मला खुर्ची दिली आणि सगळे माझ्यासमोर बसले, नशा चढते का ते बघायला. कुत्रासुद्धा बसला. वाट बघता बघता मी त्यांना बरंच काही सुनावलं. मुलींची दप्तरं पालथी करण्याबद्दल, बाई पोलीस न आणण्याबद्दल, किनाऱ्यावर उघड विकणारे तसेच सोडून पोरांच्या डब्यांत हात घालण्याबद्दल. माझा आवाज चढत गेला, हातवारे वाढले. इन्स्पेक्टरांनी काळजीने हेडमास्तरांना विचारलं, या नेहमी अशाच असतात का.

हेडमास्तर म्हणाले, नेहमीच.

माझ्या सुटकेसाठी तेवढी साक्ष पुरली. बराच वेळ बघूनही माझ्यात नेहमीपेक्षा जास्त काही दिसलं नाही, तेव्हा इन्स्पेक्टरांनी पुडी परत बांधायला सांगितली, पंचनामा नको म्हणाले, आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून जा बाळा म्हणाले. माणूस वाईट नव्हता. हवालदाराने पुडी तिच्या हातात दिली आणि जाता जाता मला हळूच विचारलं, सासूबाई सांधेदुखीवर पण काही देतात काय. मग आभारप्रदर्शन झालं. हेडमास्तरांनी पोलीस खात्याचे, कुत्र्याचे आणि सहकार्य केल्याबद्दल पालकांचे आभार मानले. पालक कुणी नव्हते. सगळं सुखरूप पार पडलं म्हणून माझा जीव भांड्यात पडला आणि घरी जाऊन मी सासूबाईंना ही गोष्ट हसत हसत सांगितली. त्या हसल्या नाहीत. पुडी पोलिसांनी उघडली, तिच्यात राम राहिला नाही, म्हणत त्यांनी नवीन पाला कुटायला घेतला आणि मला पाण्याला पाठवलं.

शुक्रवारी मुलगी शाळेत आली नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर मी नवीन पुडी घेऊन हरमलला तिच्या घरी गेले. भाड्याची एक खोली, दारात पाण्याची पिंपं, वाळत घातलेल्या पाहुण्यांच्या चादरी. वडील प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. डोळे हळदीसारखे पिवळे. आईने मला पाणी दिलं आणि खाली बघत सांगून टाकलं, की वाड्यावर शेजारपाजारचे लोक काय काय बोलताहेत. पोरीकडे गांजा सापडला. तो टीचरनेच आणून दिला होता. टीचरला तर तिथेच चढली, तासभर बडबडत होती, सगळ्यांनी बघितलं.

ज्या गोष्टीने मी त्या पोरीला सोडवलं असं मला वाटत होतं, तीच आता तिच्याविरुद्धचा पुरावा झाली होती. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं, मला अडवलं नाही. मी पुडी पुढे केली तेव्हा त्यांनी हात पुढे केला नाही.

"टीचर, ह्या कसला पान ता तुमका म्हायत आसा?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"माका आता म्हायत आसा," ते म्हणाले.

पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. बाहेर लोक नाही नाही ते बोलत होते, त्यांना कळायलाच हवं होतं. म्हणून त्यांनी पोरीला समोर बसवून विचारलं, परत परत विचारलं. मग तिने सांगितलं. खोलीमागच्या परड्यात जाऊन तसलंच झाड शोधून, पान आणून हातात दिलं. त्यांना पटलं. गावाला पाठवायचं त्यांनी रद्द केलं. फक्त औषधाला आता अर्थ नव्हता. आईने गुरुवारची पुडीही दोन्ही हातांनी मला परत दिली. मी म्हटलं, गोळ्या चुकवू नका, गोळ्यांनी बरं वाटेल. आणि पुढे तसंच झालं, गोळ्यांनीच ते बरे झाले. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला याचं समाधान वाटायला हवं होतं.

मुलगी मला स्कूटरपर्यंत सोडायला आली.

"पोलिसांक मी सांगूक नाय, टीचर," ती म्हणाली. "पपांक सांगूचा लागला."

इन्स्पेक्टर तिच्या दप्तरापाशी थांबले होते. झडती मात्र थांबली नव्हती, ती तिच्या घरी गेली होती, तिच्या बापाच्या तोंडून बोलली होती, आणि तिथे चिमूट खाऊन दाखवायला कुणी नव्हतं. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि माझं सगळं शौर्य हॉलमधल्या पताकांइतकंच कामाचं वाटलं.

सोमवारी ती शाळेत आली. दप्तर नव्हतं. चादरी ज्यातून येतात तसली पारदर्शक प्लास्टिकची पिशवी होती, चेनवाली. आतली वह्यापुस्तकं, डबा, पाण्याची बाटली, सगळं बाहेरून स्पष्ट दिसत होतं. मुलींना दप्तरात जे लपवून आणावं लागतं ते तिने त्या दिवसांत कुठे ठेवलं कोण जाणे. प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तरांनी ती पिशवी पाहिली आणि त्यांना ती इतकी आवडली की त्यांनी तिला पुढे बोलावून पिशवी सगळ्या शाळेला दाखवली. इतरांनीही असा आदर्श घ्यावा म्हणाले. टाळ्या झाल्या.

मी मधल्या सुट्टीत तिला बाजूला घेतलं. म्हटलं, माझ्याकडे एक चांगलं दप्तर आहे, नवंच आहे, उद्या आणते, ही पिशवी नको वापरू. तिने पिशवी बाकावर ठेवली, चेन नीट लावली, आणि आतलं गणिताचं पुस्तक बाहेरून हाताने सरळ केलं.

"असांदे टीचर," ती म्हणाली. "आता कोण काय इचारूचो नाय."